गुडघ्याला बाशिंग

विशीत असताना मावशी म्हणाली होती,
"हिच्या तर गुडघ्याला बाशिंग!"
लग्न टिकलं.
गुडघा नाही.

येऊरला, पाटोणपाड्याच्या पुढे, लाल मातीच्या उतारावर
भाच्याने कॅनडाला जाताना मागे ठेवलेली सायकल माझ्या अंगावर
आणि मी एका मुळावर.
सात टाके.
डॉक्टरपेक्षा सरळ घातले असते मी,
पण आपलाच पाय सुईखाली धरता येत नाही.

म्हणून हे खोपटच्या गल्लीतलं तळघर,
रबराचा आणि ग्रीसचा वास,
आणि मेल्विन, ज्याच्या दोन्ही कोपरांवर
नकाशे उमटलेत जुन्या पडण्यांचे.
मांडीचं माप घ्यायला त्याने ब्रेकची केबल आणली,
केबल गुंडाळायची, मग पट्टीवर मोजायची.
"थांब रे बाबा," म्हटलं, आणि पर्समधून टेप काढली.

नौपाड्यातल्या निम्म्या बायकांचे दंडघेर मला तोंडपाठ आहेत.
पण इथे, गुडघ्याच्या वाटीपासून चार इंच वर,
कुणीच टेप लावली नव्हती. मीसुद्धा.
डावी साडेअठरा.
उजवी सव्वाएकोणीस.
तेवीस वर्षं पायमशीन, दुसरं काय.
त्याच्या तक्त्यावर मी मीडियम आणि लार्जच्या
बरोबर मधल्या रेघेवर उभी.
गिऱ्हाइकांना मी अशा वेळी सांगते: सैल घ्या, नंतर टीप मारू.
मेल्विन म्हणाला, "घट्ट घ्या, मॅडम.
सैल पॅड पडताना तुमच्यासोबत येत नाही."

पहिलं होतं करवंटीसारखं कडक,
बसल्यावर मांडीत रुतणारं.
दुसरं हाताला मऊ, कणकेसारखं.
मेल्विनने त्यावर पाना हाणला,
आणि ते क्षणभर दगड झालं, मग पुन्हा कणीक.
अशी एक नणंद आहे मला.
तिसरं हलकं, स्वस्त.
स्टँडवरच्या सायकलवर बसून दहा पायडल मारली
तर नडगीवर येऊन बसलं,
नाडी सुटलेल्या परकरासारखं.

मी दुसरं उलटं केलं.
कापड खरं बोलतं ते उलट्या बाजूने.
गुडघ्याच्या मागे, लवणीत,
जाळी होती, शिवण नव्हती.
ज्याने हे बेतलं
त्याला मे महिन्यातलं ठाणं माहीत असावं,
किंवा घाम तरी.
वरचं इलॅस्टिक मात्र वर्षभरात ढिलं पडेल.
पडू दे. ते मी बदलेन.

चार हजार दोनशे.
म्हणजे सात ब्लाउज, अस्तरासकट,
त्यातला एक त्या गोखलेवाडीच्या बाईंचा,
जिचा गळा तीनदा उसवावा लागतो.
दोनशे कमी करून घेतले.

घरी आल्यावर विद्याधर काही बोलला नाही,
फक्त चष्मा वर करून पाहिलं.
मी पॅड घातले, सवय व्हावी म्हणून,
आणि फरशीवर पैठणीचं कापड पसरून
गुडघ्यांवर बसले कातरायला.
कित्येक महिन्यांनी
फरशी लागली नाही.
"हे त्यासाठी आणलेत?" तो म्हणाला.
"त्यासाठी नाही," मी म्हटलं,
आणि बाही कापत राहिले.

रविवारी येऊरला उजाडत होतं.
उतार सुरू व्हायच्या आधी पट्टा ओढायला वाकले,
तर उजव्या पॅडमध्ये रुतलेली एक टाचणी,
निळ्या डोक्याची.
कधी लागली, कळलंच नव्हतं.
काढली.
कॉलरला खोचली, सवयीने.
मग खाली त्या मुळाकडे एकदा पाहिलं
आणि ब्रेक सोडले.